डॉक्टरांपुढे ठणठणीत

३ जून

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

बातमी चांगली आहे, आता काळजी पुरे कर. दम लागतो म्हणून यंदा तिसऱ्यांदा आजारी रजा टाकली, तेव्हा पाव कारखान्याच्या नियमाप्रमाणे मला कंपनीच्या डॉक्टरांकडे पाठवलं. मी गुळगुळीत दाढी केली, इस्त्रीचा शर्ट घातला आणि बाहेरच्या बाकावर बसून आधी नीट दम खाल्ला. तब्येत कशी आहे म्हणून त्यांनी विचारलं, तर ठणठणीत म्हणून सांगितलं. मोठ्या माणसापुढे रडगाणं गायचं नाही, ही बाबांची शिकवण. त्यांनी लगेच कामास योग्य असं लिहून दिलं.

यंत्रावरच्या माझ्या जोडीदाराचाही हाच सल्ला होता. सगळे त्याला पैलवान म्हणतात. त्याचं म्हणणं, पिठाच्या खात्यातून एकदा हललं की माझ्यासारख्या उस्तादाच्याही हातात झाडू येतो. सोमवारपासून मी पुन्हा पीठ मळायच्या यंत्रावर. माया आहेच, ती पातळ होऊ देऊ नकोस.

तुझा धाकटा

९ जून

चि. धाकट्यास,
अनेक आशीर्वाद.

शहाण्या, फोटो काढायला गेला होतास की काय? हजेरी खात्यात माझा उभा जन्म गेला, म्हणून सांगते. कामाने माणसाला काय झालंय, हे बघायलाच त्या डॉक्टरांकडे पाठवतात. पीठ छातीत बसतंय असं त्यांनी लिहिलं असतं, तर कंपनीला तुझं खातं बदलावं लागलं असतं. आता कागदावर तू धडधाकट. पुढची रजा टाकलीस की कामचुकार ठरशील. आपल्याच हाताने पायावर धोंडा पाडून घेतलास.

फेरतपासणी माग आणि तिथे खरं बोल. रागावून लिहिलंय, पण मला भीती वाटते रे. उत्तर लवकर पाठव आणि जिवाला जप.

तुझी ताई

२७ जून

ती. वन्संना,
कृ. सा. न. वि. वि.

ह्यांनी तुमचं पत्र वाचून खिशात घातलं आणि कामावर गेले. गेल्या आठवड्यात यंत्रापाशीच कोसळले. पैलवानभाऊजींनी उचलून बाहेर आणलं, म्हणून वाचले. मग फेरतपासणी झाली. मी बरोबर गेले. या वेळी शर्टाला इस्त्री करून दिली नाही.

तरी स्वारी म्हणते, थोडा खोकला आहे. मग माझा संयम सुटला. हे उशीला टेकून बसल्या बसल्याच झोपतात, छाती शिट्टीसारखी वाजते, जिन्याच्या प्रत्येक वळणावर थांबतात, सगळं सांगून टाकलं. डॉक्टरांनी बराच वेळ छाती तपासली आणि पिठाजवळ कायमचं जाऊ नये असं लिहिलं. आता हे पाव बांधायच्या खात्यात असतात.

तेव्हापासून माझ्याशी अबोला आहे. मीठ हवं असलं तरी स्वतः उठून घेतात. चारचौघांत त्यांना उघडं पाडलं म्हणे. वन्सं, माझं चुकलं का? लहानांवर लोभ असू द्या.

तुमची भावजय

३० जुलै

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

आता आडवा होऊन झोपतो. तुझं खरं ठरलं, पण गोड लागलं नाही. ज्या खात्यात पोरंसोरंही मला उस्ताद म्हणायची, तिथे आता कोणी ओळख देत नाही. त्याचा सगळा राग हिच्यावर काढला.

काल पैलवानला जेवायला हाक मारायला गेलो. तो पोत्यांच्या आडोशाला गुडघ्यांवर हात टेकून श्वास ओढत बसला होता. मला बघताच उठला, हसला, पायात गोळा आला म्हणाला. ताई, ते बसणं मला ओळखू आलं. त्यालाही रजांवरून डॉक्टरांनी दुपारी बोलावलं होतं. मी न विचारता त्याच्या मागोमाग आत शिरलो आणि त्याच्यादेखत सगळं सांगितलं. तो डोळ्यांनी विनवत होता, तरी थांबलो नाही. बाहेर आल्यावर, पोराबाळांच्या तोंडचा घास काढलास, एवढं बोलून तो निघून गेला. आज तोंड फिरवून बसला.

घरी आलो तर ही भांडी विसळत होती. महिन्यानंतर तिला हाक मारली. ती वळली, तसा मी तिच्या शेजारी बसून विसळलेली भांडी पुसायला घेतली.

तुझा लोभ आम्हा दोघांवर असू दे.

तुझा धाकटा