सतराव्या प्रकरणातला म्हातारा

मी, जोतिराम सिद्धाप्पा करांडे, वय एकोणसत्तर, धंदा कादंबरीलेखन, राहणार नवी पेठ, सोलापूर, कापडदुकानावरचा मजला, हे मृत्युपत्र पूर्ण शुद्धीत, स्वतःच्या हाताने लिहून ठेवत आहे. यापूर्वी असा कागद मी केलेला नाही. माझी स्मरणशक्ती शाबूत आहे. कोणाचा दबाव नाही, भीड नाही, नशापाणी नाही. वकिलांनी दिलेल्या नमुन्यात यापुढे ‘कोणत्याही भीतीविना’ असे शब्द होते. ते मी खोडले आहेत. येत्या गुरुवारी माझ्या हृदयाची झडप बदलायची आहे आणि मला भीती वाटते. दस्तऐवजाची सुरुवातच खोटी नको.

कलम १. नवी पेठेतील दोन खोल्या व गच्ची ही माझी स्वकष्टार्जित मिळकत आहे. ती माझ्या पश्चात पत्नी सुकन्या हिची, आणि तिच्या पश्चात आमची एकुलती एक मुलगी सोनम हिची. गच्चीवरची पाण्याची टाकी गळते. “ही कादंबरी संपली की बघतो,” असे मी एकवीस वर्षे म्हणत आलो, हे सुकन्येला माहीत आहे.

कलम २. बँकेतील ठेव सुकन्येची. तिने प्रथम टाकी दुरुस्त करावी.

कलम ३. पत्र्याची निळी पेटी, आतील कार्डांसह, सोनमला द्यावी. तिच्यात माझ्या धंद्याचे हत्यार आहे, म्हणून त्याची माहिती देतो.

मी एकतीस अद्भुत कादंबऱ्या लिहिल्या. सगळ्या शोधयात्रेच्या. सगळ्या एकवीस प्रकरणांच्या, आणि प्रत्येक प्रकरणाचे एक कार्ड. सुरुवातीला नकाशा. मग आपला बाप कोण हे माहीत नसलेला पोर. तिसऱ्या प्रकरणात काठी टेकत आलेला अनोळखी म्हातारा. पाचव्यात सहा सोबती, त्यातला एक फितूर. नवव्यात बाजारपेठेत सगळे चोरीला जाते. बाराव्यात डोंगराच्या पोटातून जवळची वाट, जी जवळची नसतेच. सतराव्यात शेवटच्या दरवाजापुढे म्हातारा मरतो आणि पोर एकटा आत जातो. एकविसाव्यात तो घरी येतो, पण घर त्याला पूर्वीसारखे पुरत नाही.

यातले माझे थोडे आहे. रद्दीच्या दुकानात मुखपृष्ठे फाटलेल्या इंग्रजी कादंबऱ्या वजनावर मिळायच्या. डिक्शनरी घेऊन मी त्या वाचल्या. लेखक निरनिराळे, पण हाडे तीच. त्यांनीही एकमेकांचे वाचले असणार आणि सगळ्यांनी मिळून कुठल्यातरी आजीचे ऐकले असणार. माझ्या साच्याचा पाया मात्र माझी आत्या फुलाबाई हिच्या गोष्टीचा आहे. एकतीस पुस्तकांपैकी एकावरही मी तिचे नाव घातले नाही. हे कर्ज नव्हे, चोरी आहे, आणि मी ती इथे कबूल करतो. यापुढील प्रत्येक आवृत्तीत पहिल्या पानावर तिचे नाव छापावे.

कलम ४. श्री. अभिमन्यू माने हेही शोधयात्रेच्या कादंबऱ्या लिहितात. सत्तावीस वर्षांपूर्वी आमची दोन पुस्तके एकाच महिन्यात निघाली. दोन्हींत पोर, गुहा, काठी, दरवाजा. वाचनालयाच्या सभागृहात भर सभेत ते उठले.

“जोत्या, तुझा म्हातारा माझ्या पानावर मेलाय.”

मी म्हणालो, “तुझा तरी तुझ्या पानावर कुठं मेला होता?”

लोक हसले. आम्ही पुढे सतरा वर्षे बोललो नाही. दोघांनी एकाच विहिरीचे पाणी भरले आणि जन्मभर एकमेकांच्या घागरी तपासल्या. त्यांना काहीतरी ठेवावे असे मनात होते, परंतु वकील म्हणतात की साक्षीदाराला काही देऊ नये. म्हणून मी त्यांना साक्षीदार केले आहे.

कलम ५. आता मुख्य बाब.

बत्तिसावी कादंबरी शेवटची, असे मी जाहीर केले आहे. तिची सोळा प्रकरणे प्रकाशक श्री. शिवयोगी यांच्याकडे पोहोचली आहेत. चाळीस वर्षांत मी एकही तारीख चुकवली नाही. ताप असताना लिहिले, सोनमच्या लग्नाच्या मांडवात बसून लिहिले. सतरावे प्रकरण मात्र आठ महिने झाले, लिहून होत नाही.

कारण सांगतो. वर्षभरापासून मला जिना चढवत नाही. सोनम माहेरी येऊन राहिली आहे, माझे टाईप करते, चुका दाखवते, आणि तिची वाक्ये आता माझ्यापेक्षा चांगली होतात. मी तिला कार्डे समजावून दिली. मग एके दिवशी लक्षात आले की वाट माहीत असलेला म्हातारा, शिकून तयार झालेली पोर आणि पुढे एक दरवाजा, एवढे सगळे आमच्या घरात जमले आहे. हे कितवे प्रकरण, ते मला कोणी सांगायला नको. मी एकतीस म्हातारे मारले आहेत. एकाही वेळी लेखणी अडली नाही, कारण तिथे म्हातारा मेला की वाचक पान उलटतोच.

साच्याप्रमाणे सोळाव्याच्या शेवटी म्हातारा आपली काठी पोराला देतो. म्हणून मी महिनाभर माझी काठी कोणाच्या हातात दिलेली नाही. तपासणीच्या खोलीत नर्सबाई म्हणाल्या, “काका, काठी बाहेर ठेवा की.” मी ठेवली नाही. तपासणी पुढे ढकलावी लागली. रिक्षात सोनम म्हणाली, “आप्पा, काठी आहे ती. जीव नाही.”  सुकन्या घरी आल्यावर एवढेच बोलली, “दुसऱ्यांची म्हातारी माणसं मारताना बरं वाटत हुतं.”

शिवयोगी गेल्या आठवड्यात भेटायला आले. सफरचंदे आणली. म्हणाले, “करांडेसाहेब, टेन्शन घेऊ नका. तुमचा साचा आहेच. काही कमी-जास्त झालं तर उरलेली पाच प्रकरणं एआयचं मशीन भरून देईल. तुमच्या एकतीस पुस्तकांवर तयार केलंय, ओळखू यायचं नाही.” वाईट हेतूने बोलले नाहीत. मी काठी घट्ट धरून बसलो. गुरुवारी मी गेलो तर शुक्रवारी ते मशीन म्हाताऱ्याला मारील, आणि अगदी माझ्यासारखेच मारील.

कलम ६. दिवाळीआधी मी सांगोल्याकडे आत्येबहीण केराबाई हिला भेटून आलो. ती फुलाबाईची मुलगी. मला दरवाजापुढच्या प्रसंगाचे आत्याचे मूळ शब्द हवे होते. मी नऊ वर्षांचा असताना एकदा आत्याच्या मेंढरांच्या कळपाबरोबर चालत गेलो होतो. मुक्कामावर ती गोष्ट सांगायची आणि दरवाजापुढे म्हातारा मागे राहिला की थांबायची. मी रडून झोपायचो. होळीनंतर वडिलांनी मला वाटेतूनच आणून सोलापूरच्या वसतिगृहात टाकले. पुन्हा कळपाबरोबर जाणे झाले नाही.

मी केराबाईला विचारले, “म्हातारा मरताना काय म्हणतो गं?”

ती शेंगा फोडत होती. हात थांबला. “कोण मेला?”

“गोष्टीतला म्हातारा. दारापुढं.”

“अरं, त्यो कशाला मरंल? त्यो मागं राहिला की. सगळी दारातनं आत गेली तर मेंढरं कोण बगणार? ओढा वलांडताना आमी काय करतो? म्हातारं माणूस अल्याड काठी धरून हुबं. शेवटचं कोकरू पार झालं की मग ते पाण्यात पाय घालतं.”

“मग आत्या तिथंच का थांबायची?”

“वाटंवर गोष्ट संपवत न्हाईत. कळप घरी पोचला की उंबऱ्याच्या आत शेवट सांगायचा. तू त्याच्या आधीच साळंला गेलास. लई रडायचास बाबा, ‘मेला का, मेला का’ म्हणून. आईला हसू यायचं. ती म्हणायची, घरी गेल्यावर कळंल त्येला.”

मला साठ वर्षे घरी जाता आले नाही. मधल्या काळात इंग्रजी पुस्तकांत पाहिले तर तिथेही म्हातारा मरत होता, आणि मी समजलो की माझे बरोबर आहे.

शेवट केराबाईने मला उंबऱ्याच्या आत नेऊन सांगितला. पोर दरवाजातून परत येतो, तेव्हा म्हातारा तिथेच काठीवर हनुवटी टेकून बसलेला असतो. विचारतो, “आलास व्हय? भाकरी खा.” एवढाच शेवट. काठी तो कोणाला देत नाही. अल्याड जो थांबतो, काठी त्याची.

कलम ७. सबब माझ्या सर्व लेखनाचे हक्क सोनमला देतो. बत्तिसाव्या कादंबरीची उरलेली पाच प्रकरणे तिने किंवा मी लिहावीत. तिसऱ्या कोणी, माणसाने किंवा मशीनने, लिहू नयेत. तिला लिहायची नसतील तर पुस्तक सोळा प्रकरणांवर थांबवावे. श्री. शिवयोगी यांना या कलमाची प्रत आजच पाठवली आहे. सफरचंदांबद्दल आभार.

सोनम, तू लिहिलेस तर म्हाताऱ्याला मारू नकोस. वाचक पान उलटणार नाही, अशी धाकधूक तुला वाटेल. मला चाळीस वर्षे वाटली. तू त्याला बसव.

कलम ८. काठी या मृत्युपत्रात कोणालाही दिलेली नाही.

हे सगळे लिहिल्यावर भीती गेली, असे लिहायला मला आवडले असते. गेली नाही. हे कलम लिहिताना अक्षर वाकडे आले आहे ते तसेच ठेवतो. फक्त एक गोष्ट मी उलटी धरली होती. गुरुवारी दरवाजातून आत जाणारा मी आहे. म्हणजे त्या दिवसापुरता मी पोर, आणि अल्याड थांबायचे काम सोनमचे. तेव्हा काठी तिच्याकडे राहील. ही देणगी नव्हे, वारसा नव्हे. तिने ती धरून बाहेर बसावे, चहालासुद्धा उठू नये, आणि मला बाहेर आणतील तेव्हा आत्याचे शब्द विचारावेत. भाकरी डॉक्टर देणार नाहीत, तरी विचारावे.

मी बाहेर आलो नाही, तर तिने थोडा वेळ आणखी बसावे. मग सुकन्येला घेऊन घरी जावे, आणि सतरावे प्रकरण उंबऱ्याच्या आत बसून लिहावे.

वरील मजकूर मी दोनदा वाचला असून तो माझाच आहे. साक्षीदारांनी मला सही करताना पाहिले व माझ्यासमक्ष सह्या केल्या.

ठिकाण: सोलापूर
सोमवार, १० नोव्हेंबर २०२५

(सही) जोतिराम सिद्धाप्पा करांडे

साक्षीदार:
१. (सही) डॉ. अंकिता शेटे. लिहून देणार यांना मी तपासले असून ते पूर्ण शुद्धीत आहेत.
२. (सही) अभिमन्यू माने. सही करताना करांडे यांना दोन्ही हात लागले, तेवढा वेळ काठी मी धरली होती. त्यांनी ती लगेच परत मागितली. मी दिली.