अंगात साठलेलं तांबं

नाहूर, ९ जानेवारी १९८४

ती. रत्नाताईस,
धाकट्या श्यामकांतचा शि. सा. न. वि. वि.

विद्याधरचं निदान झालं एकदाचं. हात कापतात, जीभ अडखळते म्हणून कॉलनीने माझ्या पोराला बेवडा ठरवला होता. रोग भलताच निघाला गं. जेवणातून थोडं तांबं सगळ्यांच्याच पोटात जातं. जास्तीचं असेल ते लिव्हर पित्तावाटे बाहेर टाकतं. याचं टाकतच नाही! ते आधी लिव्हरमध्ये साठतं, मग मेंदूत जातं. बुबुळाच्या कडेने तपकिरी कडं दिसलं, तेव्हा डॉक्टरांनी ओळखलं. आता परदेशी गोळ्या, जन्मभर. तू पाठवलेले काजू शेजारी दिले, रागावू नकोस. त्यांत तांबं फार असतं.

आणखी एक. आमच्या क्षमाचं आणि तुझ्या नंदकिशोरचं लग्न मे महिन्यात नको, जरा पुढे ढकलू. कारण भेटीत सांगेन.

प्रेमाचा तुला नमस्कार. माया आहे तशी राहू दे.
तुझा श्याम

देवगड, १८ जानेवारी

चि. श्यामकांतास अ. आ.

पुढे ढकलू म्हणजे काय रे? गणपतीत साखरपुडा झाला, गावभर पेढे वाटले, आणि आता कारण भेटीत? मुंबईत कोणी पवईचा इंजिनियर गाठलास वाटतं! आपल्यात मुलगी आत्याच्या घरीच जाते. मीही आत्याचीच सून झाले, माझं काय वाईट झालं?

विद्याधरला रात्रभर तांब्याच्या कळशीत ठेवलेलं पाणी पाज. माझ्या थोरल्या मुलाला, धाकूला, काविळीत मी तेच देत होते. त्याचं आयुष्यच तेवढं, त्याला कोण काय करणार. नंदू ठणठणीत आहे. मेल्या, तारीख बदलायची नाही.

तरी तुझ्या घराचं भलंच चिंतणारी,
ताई

नाहूर, २६ जानेवारी

ती. आत्यास,
क्षमाचा शि. सा. न.

बाबा पत्र लिहितात आणि फाडतात, म्हणून मीच लिहिते. आईला कळलं तर माझी वाट लागेल.

आत्या, कळशीतलं पाणी कोणालाच देऊ नकोस गं. हा रोग आईकडून एक आणि वडिलांकडून एक, असे दोन्ही दोष मिळाले तरच होतो. एकच असला तर माणूस धडधाकट राहतो, त्याला कळतही नाही. आपण घरातल्या घरात लग्नं करत आलो, त्यामुळे दोन्ही दोष पुन्हा पुन्हा एकत्र येतात. धाकूदादाची कावीळ ऐकल्यावर डॉक्टरांनी लगेच विचारलं, त्याला भाऊ आहे का.

माझेही डोळे तपासले. माझ्याही डोळ्यांत ते कडं आहे. मला काही होत नाही, तरी आहे. हात कापायच्या आधी गोळ्या सुरू झाल्या तर माणूस नीट राहतो म्हणतात, म्हणून मी सुरू केल्या. नंदूलाही तपासायला आण.

आई म्हणते, गप्प राहा, नाहीतर हे लग्न मोडेल आणि दुसरंही जमणार नाही. लग्न केलं तर पोरांच्या नशिबी हेच यायचं. मोडलं तर आजारी मुलगी म्हणून घरात बसायचं. कुठूनच सुटका दिसत नाही, आत्या. आणि नंदू मला आवडतो, ते तुला ठाऊक आहेच. खूप रडले. पण लग्न राहू दे, त्याला आण.

रागावलीस तरी उत्तर धाड.
क्षमा

देवगड, २ फेब्रुवारी

चि. क्षमास अ. आ.

पोरी, तुझं पत्र दुपारी आलं. चूल तशीच सोडून लिहायला बसले.

दिवाळीपासून नंदूच्या शर्टाची बटणं मी लावते. त्याला जमत नाहीत, बोटं थरथरतात. पाहुणे आले की त्याला आंब्याच्या कलमांत पाठवते, चहा सांडताना कोणी बघू नये म्हणून. त्यालाही दम भरला होता, कुठे बोललास तर बघ. तुझ्या बापाला ठणठणीत लिहिलं ते खोटं होतं. त्याने लग्न पुढे ढकलू म्हटलं तेव्हा मला वाटलं, यांना कळलं.

मेपर्यंत कसंबसं निभावायचं, एवढंच डोक्यात होतं. तू घरात आलीस की बटणं तू लावशील, असं धरून चालले होते गं मी.

उद्याच्या एसटीने त्याला घेऊन निघते. डॉक्टरांना सांगून ठेव, आणि उशीर झालाय का, तेही विचार. लोभ ठेव असं तुला कोणत्या तोंडाने लिहू?

तुझी आत्या