वाघाचा हात विंचवाने मोडला नाही, याबाबत

प्रति,
मा. संचालक,
चित्रफीत जतन विभाग,
मुख्य इमारत, दुसरा मजला.

विषय : कुस्ती-चित्रफितींच्या प्रदर्शनातील चुकीची पाटी उतरवणे व 'वैर मिटवण्याचा सोहळा' रद्द करणे.

संदर्भ : १) अर्जदाराचा तांत्रिक अहवाल, ज्यावर 'पाहिले' असा शेरा आहे.
२) प्रदर्शन अधिकाऱ्यांशी जिन्यात झालेले बोलणे, ज्यावर कोणताच शेरा नाही.

महोदया,

१. अर्जदार ही आपल्याच विभागात, तळघरातल्या फिल्म सफाई कक्षात तात्पुरती तांत्रिक सहायक आहे. शिक्षण भौतिकशास्त्रातली पदवी. बंद पडलेल्या चित्रगृहाची भिंत पाडताना गवंड्यांना जे गंजके डबे सापडले, त्यांतली रिळे धुणे, तुटल्या जागी सांधणे आणि एकेक चौकट तपासून संगणकावर उतरवणे हे काम तिच्याकडे होते. डब्यांत तिकीट लावून, दोरांच्या रिंगणात होणाऱ्या जुन्या व्यावसायिक कुस्त्या निघाल्या. विभागात आनंदीआनंद झाला. सर्वांत जास्त अर्जदाराला झाला, कारण रिंगणातला 'वाघ' म्हणजे तिच्या आईचे वडील, तिचे आबा. आणि काळ्या मुखवट्यातला 'विंचू' म्हणजे आईचे सख्खे मामा.

२. शेवटच्या लढतीत विंचवाने वाघाचा डावा हात मोडला, हे त्या काळी गावभर झाले होते. आई तेव्हा लहान होती, पहिल्या रांगेत बसली होती. त्या दिवसापासून मामांचे नाव घरातून गेले. चपला झटकतानासुद्धा आमच्याकडे 'विंचू असेल' असे कोणी म्हणत नसे, 'किडा असेल' म्हणत. आबांचा डावा कोपर आजही सरळ होत नाही. त्यांना सदऱ्याची बाही चढवून देताना आई दर खेपेला दोन शब्द मामांना वाहत आली आहे.

३. आता चित्रफितीत काय दिसते ते नमूद करते. ठोसा गालाला लागण्याआधीच त्याचा आवाज ऐकू येतो. अर्जदाराला प्रथम वाटले, ध्वनिपट्टी सरकली असेल. तपासली. सरकलेली नाही. विंचवाचा पाय आधी फळीवर आपटतो, ठोसा मागून येतो, आणि तो गालाजवळून नुसता जातो. दुसरे असे की, प्रत्येक पकडीआधी विंचू वाघाचे मनगट दाबतो आणि वाघ ते उलट दाबतो, मगच फेक होते. तिसरे, आणि याच्यासाठी हा अर्ज : वाघ रिंगणात उतरतो तेव्हाच त्याच्या डाव्या कोपरावर जाड पट्टा आहे आणि पट्ट्याच्या कडेने प्लास्टर दिसते. हात आधीच मोडलेला आहे. संपूर्ण लढतीत विंचू त्या हाताला धक्का लागू देत नाही. वाघ पडतो तेव्हा स्वतः खाली जाऊन त्याला उजव्या कुशीवर घेतो. अखेर तो हात पिरगाळल्याचा आव आणतो, तेव्हा त्याची बोटे पट्ट्याला टेकलेलीसुद्धा नाहीत. लोक मात्र किंचाळत आहेत.

४. त्याच रिळाच्या शेपटाला, कॅमेरा चुकून चालू राहिल्याने, कपडे बदलण्याच्या खोलीबाहेरचा बोळ आला आहे. आबा बाकावर बसले आहेत. मामा मुखवटा कपाळावर सारून, गुडघे टेकून त्यांच्या बुटाची नाडी सोडत आहेत, कारण एका हाताने ती सुटत नाही. बोलणे स्पष्ट आहे :
"दाजी, लागलं का कुठं?"
"लागू दिलंस कुठं, गाढवा? ऊठ, पोरगी येतेय."
मामा मुखवटा खाली ओढतात. चौकटीत एक लहान मुलगी धावत येते आणि मामा तिच्यावर गुरगुरतात. मुलगी आबांना घट्ट बिलगते. ती मुलगी अर्जदाराची आई आहे.

५. अर्जदाराने आबांना विचारले. आधी ते म्हणाले, "तुमच्या यंत्रात बिघाड असेल." मग म्हणाले, "कपाट त्याचंच होतं. त्याच्या घरी चढवताना जिन्यात माझा पाय सटकला. कुस्त्यांचा मालक म्हणाला, आयता मोडलाय तर वापरून घेऊ." लढत ठरवलेली असते हे लोकांपासून लपवण्याला धंद्यातले लोक 'पडदा' म्हणत. पडदा घरीही राखायचा, असा एकमेकांना शब्द होता. शत्रू म्हणजे शत्रू, मग तो बायकोचा भाऊ का असेना. अर्जदाराने म्हटले, "आबा, धंदा बंद पडून जमाना लोटला. पडदा कुणासाठी?" यावर त्यांनी पंखा मोठा करायला सांगितले.

६. आजी गेली तेव्हा मामा आले होते. बहिणीला शेवटचे पाहायला आलेला माणूस अनवाणी फाटकापाशी उभा होता. आई त्यांच्या तोंडावर म्हणाली, "माझ्या बापाचा हात मोडलात, आता काय बघायला आलात?" आणि तिने फाटक लावले. मामा शब्द पाळून परत गेले. आबा ओसरीत खुर्चीवर बसून पाहत होते. त्यांनीही शब्द पाळला.

७. अर्जदाराने अहवाल दिला, तेव्हा प्रदर्शन अधिकारी जिन्यात म्हणाले, "अहो बाई, ठरवून केलेली नूरा कुस्ती बघायला कोण फिरकणार? हात मोडला म्हणूनच लोक येणार ना!" त्यानंतर दालनात पाटी लागली : 'विंचवाने वाघाचा हात मोडला ती थरारक लढत'. एवढ्यावर न थांबता, उद्घाटनाला दोन्ही म्हाताऱ्यांना रिंगणात उभे करून प्रमुख पाहुण्यांच्या हस्ते त्यांचे वैर मिटवण्याचे ठरले. जे नव्हतेच ते पाहुणे कसे मिटवणार, हे विभागाने लेखी कळवावे.

८. खेदाची बाब अशी की दोघांनीही होकार दिला आहे. आबांना जाब विचारला तेव्हा ते प्रथमच खरे बोलले : "वैर खोटं होतं म्हटलं, तर तिनं फाटक उगाच लावलं असं होतं. खरं होतं आणि आता मिटलं म्हटलं, तर तिचं फाटक बरोबर ठरतं. एवढं माझ्या हातून होऊ दे." अर्जदार क्षणभर विरघळली. मग तिच्या लक्षात आले, की रिंगणातल्यासारखे दोघांचे मनगट दाबून झाले आहे, आता ते आईला फेकणार आहेत, आणि तिला लागू नये याची काळजीही घेणार आहेत.

९. म्हणून अर्जदाराने काल आईला कक्षात आणून चौथ्या परिच्छेदातला तुकडा दाखवला. नियमाप्रमाणे परवानगी घ्यायला हवी होती, ती घेतली नाही. आईने तो पुन्हा लावायला सांगितला. मग पदर सावरत एवढेच म्हणाली, "फाटक मी लावलं. पण माझ्या बापाने लावू दिलं." आणि मामांचा पत्ता मागितला. विभागाच्या निमंत्रण यादीतून तो दिला. हीदेखील शिस्तभंगाची बाब समजावी.

सबब विनंती, की पाटी उतरवावी, सोहळा रद्द करावा आणि बोळातला तुकडा शेवटी दाखवावा. हे जमणार नसेल तर निदान उद्घाटनाला आईची खुर्ची वाघाच्या नव्हे, विंचवाच्या बाजूला मांडावी. ती तिथेच बसणार आहे.

विभागाने या चित्रफितींवर 'सर्व लढती लुटुपुटूच्या' असा शेरा खुशाल मारावा, माझी हरकत नाही. खरी लढत आमच्याकडे एकच झाली, फाटकात. तिचे चित्रीकरण कुणी केलेले नाही.

आपली, अजूनही नम्र,
(सही)
वाघाची नात व विंचवाचीही,
तात्पुरती तांत्रिक सहायक, फिल्म सफाई कक्ष

दिनांक : आवक विभागाने शिक्का मारताना घालावा.

सोबत : १) पट्ट्याच्या कडेने प्लास्टर दिसणारी चौकट, मोठी करून.
२) बुटाची नाडी सोडतानाची चौकट. ही परत मिळावी, आईला हवी आहे.