सहा खाटा, नऊ पोटं

९ जुलै, मंगळवार

मोज्यांची तिसरी जोडी गेली. वाळतच नाहीत! आज इस्त्री फिरवली तर वाफेबरोबर असा वास सुटला, की दवाखान्याच्या स्वयंपाकीणबाई धावत आल्या — काय जळतंय म्हणून. जळत काही नव्हतं, माझे मोजे होते.

लेकीचा फोन. "आई, अडतीस वर्षं वॉर्ड सांभाळलेस, आता बस ना सुखानं घरी." घरी बसून काय करू? जावयाचे डबे भरू? परक्या देशात तीन महिने फुकट राबायला आले खरी, पण निदान चार माणसं ऐकतात तरी. समोर तरी ऐकतात. माघारी मला 'चकतीवाल्या बाई' म्हणतात म्हणे! बाळंतपणाची तारीख काढायची माझी गोल चकती गळ्यात असते ना, म्हणून. ड्रायव्हरनं सांगितलं. तोच माझा दुभाषा.

११ जुलै, गुरुवार

नदीपलीकडच्या बायका शेवटच्या महिन्यात इथे दवाखान्यात येऊन राहतात. पूर आला की पूल बुडतो, मग ऐन वेळी पोचणार कशा? सोय उत्तम. पण खाटा सहा आणि पोटं नऊ! एकीला कूस बदलायची तर शेजारणीची परवानगी लागते. आणि नववं पोट तपासलं तर निव्वळ जेवणाचं! स्वयंपाकीणबाईंची वहिनी. दिवसबिवस काही नाहीत, घर गळतं म्हणून मुक्कामाला आलेली. पंधरा दिवस अंडी खातेय, दूध पितेय!

हात टेकले. मग कागद घेतला आणि दोन नियम लिहून भिंतीला डकवले. एक — तारखेला तीन आठवड्यांहून जास्त वेळ असेल तिनं घरी जायचं. दोन — इथे काम करणाऱ्यांच्या नातेवाइकांना खाट नाही. ड्रायव्हरनं सगळ्यांना वाचून दाखवलं. वहिनीबाई गाठोडं घेऊन निघाल्या, जाताना एक अंडं घेऊन.

दाईबाई कागदासमोर बराच वेळ उभ्या होत्या. माझ्याच वयाच्या असतील. दवाखान्यातच राहतात — औषधांच्या कपाटामागे एक खाट, एक ट्रंक, झाला संसार. पोटावर हात ठेवून तारीख सांगतात! टेप नाही, चकती नाही. मी म्हटलं, हात आहे की पंचांग? ड्रायव्हरनं हे काही सांगितलं नाही त्यांना. शहाणा आहे.

१२ जुलै, शुक्रवार

आज दोघींना घरी पाठवलं. पहिली हसत गेली, घरी आणखी तीन पोरं आहेत. दुसरीवरून मात्र रामायण झालं. पहिलटकरीण, एकोणीस वर्षांची, काडीसारखी. सासू पोचवायला आली होती तेव्हा तिनं पाळीची तारीख सांगितलेली. चकती फिरवली — सव्वीस दिवस बाकी. म्हणजे घरी.

दाईबाई आडव्या आल्या. पोटावर हात ठेवला आणि म्हणाल्या, "दहा दिवस." मी चकती दाखवली. त्यांनी हात दाखवला! ड्रायव्हर मधे उभा, मान एकदा इकडे, एकदा तिकडे.

"पहिली वेळ आहे. अंगात रक्त नाही. पाऊस बघताय ना?"

"नियम सगळ्यांना सारखा," मी म्हटलं. पोरगी मान खाली घालून उभी.

जीपमध्ये बसवताना दाईबाईंनी तिच्या डोक्यावर प्लॅस्टिक नीट ओढून दिलं. जीप वळेपर्यंत पावसात उभ्या राहिल्या, स्वतःच्या डोक्यावर काही नाही. सर्दी होईल, म्हटलं. लक्षच नाही.

१३ जुलै, शनिवार

अबोला. चहा मात्र आणून आपटतात. बिनसाखरेचा.

१५ जुलै, सोमवार

दाईबाई गायब! बाळंतपणाची पिशवीपण गायब! इथे सहाजणी दिवस मोजतायत, पाऊस कोसळतोय, आणि या न सांगता सुटीवर. ड्रायव्हर म्हणतो, "येतील." कधी? तर खांदे उडवतो. येऊ देत, चांगलं फैलावर घेते! माझ्या वॉर्डात हे कधी चाललं नव्हतं.

१६ जुलै, मंगळवार

सकाळी दहाला पूल पुरता बुडाला, ये-जा बंद.

करायला काही नाही म्हणून नोंदवही काढली. त्या काडीच्या पानावर माझ्याच अक्षरात — 'तारीख: सासूने सांगितली.' मुलीला मी विचारलंच नाही! समोर बसली होती ती. एखाद्या शिकाऊ नर्सनं हे केलं असतं तर रडेपर्यंत झापलं असतं तिला. सुनेची पाळी सासूला काय ठाऊक? तिनं अंदाजे ठोकलं, आणि मी त्यावर ऐटीत चकती फिरवली.

रक्त कमी, पहिली वेळ, मधे नदी. तिला काही झालं तर ते माझ्यामुळे.

१७ जुलै, बुधवार

ड्रायव्हरला घेऊन नदीवर गेले. पुलाचा कठडासुद्धा दिसत नाही. तिथे त्यानं तोंड उघडलं. दाईबाई सोमवारी पहाटेच चालत पलीकडे गेल्या. पुलावर तेव्हाच गुडघाभर पाणी. पिशवी डोक्यावर.

"मला का नाही सांगितलंस?"

"तुम्ही अडवलं असतं."

अडवलंच असतं! मग रडले. भर दुपारी, जीपमध्ये, त्याच्यासमोर. तो बिचारा उगाच काच पुसत बसला.

१८ जुलै, गुरुवार

देवाला काय काय कबूल करून बसलेय, फेडताना नाकी नऊ येणार.

२० जुलै, शनिवार

पाणी उतरलं, आणि आल्या! तिघी!

काडीला मंगळवारी दुपारी मुलगी झाली. सव्वादोन किलो, आवाज पाच किलोचा. रक्त खूप गेलं. पिशवीत इंजेक्शन होतं, आणि दाईबाई तासभर पोट दाबून बसल्या, म्हणून वाचली. पोरगी पांढरीफटक पडलीय. तिला माझ्या खाटेवर निजवलं. माफी मागितली, तिचीही आणि दाईबाईंचीही. ड्रायव्हरला बजावलं, एक शब्द गाळायचा नाही.

मग खोड काही जात नाही, म्हटलं, "पण दहा दिवस म्हणाला होतात, लागले चारच!"

दाईबाई शांतपणे म्हणाल्या, "सहा तुमच्या जीपनं खाल्ले."

अख्खी खोली हसली. पोटावर हात ठेवून ती काडीसुद्धा.

२१ जुलै, रविवार

ड्रायव्हर जीप धुताना म्हणाला, "आजीबाईंना उठवू नका, आत्ता झोप लागलीय." कोण आजीबाई? म्हणे, दाईबाई.

ती काडी त्यांची लेक. एकुलती एक. नातं कळलं तर मी दारातही उभी करणार नाही, म्हणून त्यांनीच सगळ्यांना गप्प बसवलं होतं.

पहिल्या बाळंतपणाला पोरगी आईकडे आली होती. आणि मी तिला सासरी धाडली.