चौथ्या भागातली उडी

७ जानेवारी

चि. माकडास,
अनेक आशीर्वाद.

आधी पायाचं लिही. मागच्या पत्रात लिफ्टच्या तारा, त्यांना घालायचं वंगण, पाचव्या मजल्यावरच्या भांडकुदळ वकीलबाई, सगळं आलं आणि पायाचं एक अक्षर नाही. थंडीत तो दुखतो हे मला ठाऊक आहे.

इकडे उस्तादांच्या आमच्या चाहता मंडळात दोन तट पडलेत. उस्तादांना आता बासष्ट पूर्ण झाली. त्यांच्या मारधाडपटाचा सातवा भाग दुसऱ्याच आठवड्यात पडद्यावरून उतरला. आता आठवा काढायचा की उस्तादांनी मानाने थांबायचं, हे कंपनीने मंडळालाच विचारलंय. मार्चच्या सभेत मतदान आहे. अध्यक्ष, म्हणजे आपले चष्म्याच्या दुकानाचे, म्हणतात की आता पुरे. सातव्यात जिना चढताना त्यांना लागलेली धाप शेवटच्या रांगेत ऐकू येत होती. दुसऱ्या तटाचे दंतवैद्य म्हणतात की इतकं बारीक ऐकू येत असेल तर अध्यक्षांनी चष्मे कशाला विकावेत. परवा दोघांची अशी जुंपली की अध्यक्षांची दाढ अर्धी भरून पडली आहे आणि दंतवैद्य पुढची वेळ देत नाहीत.

मंडळाचं मासिक आमच्याच छापखान्यात छापतात, त्यामुळे दोन्ही तटांची पत्रं मुद्रितं तपासायला माझ्याकडे येतात. काल एक आलं. खाली नाव 'एक जुना प्रेक्षक'. लिहिलंय की आठवा भाग जरूर काढावा, आणि चौथ्या भागात पाण्याच्या मनोऱ्यावरून उस्तादांनी जी उडी मारली तीच त्यांनी पुन्हा एकदा, बदली माणूस न घेता, चाहत्यांसमोर मारावी. म्हणजे म्हातारे झाले म्हणणाऱ्यांची तोंडं बंद होतील. अध्यक्ष आणि दंतवैद्य, दोघांनाही एकदम पटलेलं हे पहिलं पत्र.

त्यात 'पुन्हा' चार वेळा आलाय आणि चारही वेळा त्याच्या डोक्यावर टिंब आहे. शाळेत या टिंबापायी तू किती छड्या खाल्ल्यास ते मी मोजलंय. काय चाललंय तुझं?

माया पातळ होऊ देऊ नकोस.
तुझी ताई


१२ जानेवारी

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

पाय आहे तसा आहे. पत्र माझंच आहे. टिंब काढ आणि छाप.

तुला सगळं ठाऊक आहे असं तू धरून चालतेस, पण तू तेव्हा सासरी होतीस. म्हणून एकदा नीट लिहितो. त्या दिवशी उस्ताद गावातच नव्हते. कुठल्याशा चित्रपटगृहाच्या उद्घाटनाला त्यांना दोरावरून लोंबकळत उतरायचं होतं, म्हणून आमच्या दोरमास्तरांना आणि त्यांच्या हाताखालच्या माणसाला सोबत घेऊन गेले. मनोऱ्यावर दोर सांभाळायला चार जण लागतात. उरलो आम्ही दोघं. दिग्दर्शकाला उजेड जायच्या आत काम उरकायचं होतं. मी नाही म्हणालो नाही, तेवढी चूक माझी. मी उस्तादांचं लाल जाकीट घालून उडी मारली. दुसरा दोर धरायला कोणी नव्हतं. पत्र्यावर आपटून मी खाली आलो आणि डावा पाय तीन ठिकाणी मोडला.

चित्रपटात तेच पडणं ठेवलंय. लोक शिट्ट्या मारतात ना, तिथे माझं हाड मोडतंय.

मग मुलाखत आली. उस्ताद म्हणाले की उडी मी स्वतः मारली, आणि कोणी कामगार पडल्याची बातमी आहे तो प्यायलेला होता. बाबांनी ते वाचलं. पेपरची घडी केली, माझ्या खाटेवर पायाशी ठेवली आणि खोलीबाहेर गेले. पुढची दोन वर्षं त्याच घरात राहून ते माझ्याशी एक शब्द बोलले नाहीत. मग गेलेच. मी दिग्दर्शकाकडे गेलो, तर त्याने दारातूनच परत पाठवलं. दोरमास्तर परदेशी निघून गेले.

आता उस्तादाला चढू दे मनोऱ्यावर. वरून खाली कसं दिसतं ते त्यालाही बघू दे. मला दुसरं काही नको.

तब्येतीला जप.
तुझा भाऊ


२३ जानेवारी

चि. माकडास,
अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र छापून आलं आणि कहर झाला. तीनशेवर पत्रं आली, सगळ्यांना उडी हवी. शेवटी उस्तादांनी एका समारंभात छाती ठोकून सांगितलं की फेब्रुवारीत, त्याच मनोऱ्यावरून, बदली माणसाशिवाय. बोलून झाल्यावर पाणी मागितलं म्हणे.

मला एक कबूल करायचंय. मी मंडळ का सोडलं नाही, हे तू एकोणीस वर्षांत एकदाही विचारलं नाहीस. मी लोकांना सांगते की मासिकाचं काम आहे, सोडून कसं चालेल. खरं असं की तू प्यायला होतास का, हे मी तुला कधी विचारलंच नाही. तू हो म्हणालास तर काय करू, याची भीती वाटायची. बाबा तोंड फिरवून बसले आणि मी मुद्रितं तपासत बसले. दोघांचं एकच.

पण म्हणून तू असला खेळ मांडावास हे मला पटत नाही. बासष्टीचा माणूस आहे तो. पडला तर मरेल. सोडून दे.

रागातही माझी आठवण असू दे.
तुझी ताई


९ फेब्रुवारी

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

तू विचारलं नव्हतंस हे मला कळत होतं. आता विचारलंस असं धरतो. त्या दिवशी मी सकाळी दोन पेले दूध प्यायलो होतो.

सोडून दे म्हणतेस, पण गोष्ट आपल्या पायांनी माझ्याकडे चालत आली. सिनेमा कंपनीचा व्यवस्थापक आमच्या लिफ्टच्या कचेरीत आला. त्या मनोऱ्याचे दोर कुठे बांधायचे हे माहीत असलेला माणूस त्यांना हवा होता आणि कोणीतरी माझं नाव सांगितलं. व्यवस्थापक पोरगेला आहे, त्याला मागचं काही ठाऊक नाही. मी हो म्हटलं.

उस्तादांच्या कमरेचा पट्टा मीच आवळणार. गाठ मीच मारणार. काल मनोऱ्यावर जाऊन आलो. पत्र्यावर अजून पोचा आहे. मी तिथे बसून डबा खाल्ला आणि अन्न इतकं गोड कधी लागलं नव्हतं. काळजी करू नकोस असं लिहिणार होतो, पण तुला खोटं कशाला लिहू.

तुझा भाऊ


१२ फेब्रुवारी

चि. माकडास,

आशीर्वाद नंतर. हे पत्र तार समज.

उस्ताद तुझ्या गाठीमुळे पडले, तर दोर बांधणारा कोण हे पेपरात येईल. मग एकोणीस वर्षांमागे ते तुझ्याबद्दल जे बोलले ते खरंच होतं असं सगळे म्हणतील, आणि मला कोणाचं तोंड धरता येणार नाही. त्यांची हाडं मोडून तुझं नाव सरळ होत नाही.

गाठ नीट मार. बाकीचं मी बघते. काय बघते ते मला अजून माहीत नाही, पण बघते.

ताई


२७ फेब्रुवारी

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

झालं. तुला पेपरातून कळलं असेल, पण पेपरात आलेलं खोटं आहे.

मंडळाची माणसं फाटकाबाहेर उभी केली होती. तिथून मनोऱ्याचं फक्त टोक दिसतं. उस्ताद जिन्यात दोनदा खुर्ची टाकून बसले. वर आल्यावर मी पट्टा बांधला. शेवटच्या भोकाला जेमतेम पुरला. माझं तोंड त्यांच्या तोंडापासून वीतभर. त्यांनी मला ओळखलं नाही. या कामात किती वर्षं, असं विचारलं. मी सांगितलं की एकोणीस वर्षांमागे इथेच होतो. तेव्हा ते म्हणाले की मग तो बेवडा पडला तेव्हा तू असशीलच, फार त्रास दिला होता त्याने. ताई, ते माझ्याशी खोटं बोलत नव्हते. इतक्या वेळा सांगून त्यांना आता तेच आठवतंय.

मी खोटी गाठ मारली. तुझं पत्र खिशात असताना मारली. सोडली. परत मारली, परत सोडली. हात लिफ्टवाल्याचे झालेत, सुटणारी गाठ त्यांना बघवत नाही. शेवटी अशी मारली की त्यांच्यासोबत बैल बांधला असता तरी धरली असती.

आणि ते उडी मारायलाच तयार होईनात. अकरा मिनिटं कठड्याशी उभे होते, मी घड्याळ बघत होतो. जाकीट हलताना दिसत होतं. त्या अकरा मिनिटांत मला जे सुख झालं ते आधी कधी झालं नव्हतं. मग ते खाली बसले आणि गुडघा धरला आहे म्हणाले. व्यवस्थापकाने खूण केली. खालच्या मजल्यावर एक तरणा पहिलवान तसंच लाल जाकीट घालून तयारच होता. त्याला मीच बांधला. त्याने सुरेख उडी मारली. फाटकाबाहेर एकच गलका उठला. उस्ताद मागच्या जिन्याने उतरून पुढे गेले, केस विस्कटून घेतले आणि हात उंचावला. तुमचे दंतवैद्य रडत होते.

मी वर दोर गुंडाळत होतो. त्यांच्या नावावर एक खोटी उडी होती, मी त्यांना दुसरी मिळवून दिली. आता आठवाही निघेल आणि नववाही. मला काहीएक जमलं नाही, ताई.

तुझा भाऊ


१६ मार्च

चि. माकडास,
अनेक आशीर्वाद, आज खूप जास्त.

बसून वाच. तुझं पत्र आलं त्या दिवसापासून मी मासिकाच्या जुन्या फायली उपसायला लागले. एकोणीस वर्षांमागचा डिसेंबरचा अंक मिळाला. त्यात उस्तादांचं छायाचित्र आहे, चित्रपटगृहाच्या दारावर दोराला लोंबकळताना, मागे दोरमास्तर. खाली लिहिलंय, अठरा नोव्हेंबर, दुपारी चार. चौथ्या भागाच्या विशेषांकात लिहिलंय की मनोऱ्यावरची उडी अठरा नोव्हेंबरला दुपारी चित्रित झाली. आणि तुझा इस्पितळातला कागद बाबांच्या पेटीत होता. अठरा नोव्हेंबर, संध्याकाळी पाच. डॉक्टरांनी त्यात स्वच्छ लिहिलंय की मद्याचा अंश नाही. बाबांनी तो कागद जपून ठेवला होता, पण पाकीट फोडलेलं नव्हतं. मी फोडलं.

सभेच्या अंकात मधल्या दोन पानांवर शुभेच्छा होत्या. त्या मी काढल्या. तिथे तिन्ही कागद शेजारी शेजारी लावले, पुढे तुझं सत्तावीस तारखेचं पत्र, बैलासकट. खाली माझी एकच ओळ: 'ही उडी माझ्या धाकट्या भावाने मारली. तो शुद्धीत होता.' आमचे मालक शेवटच्या मुद्रितावर न बघता सही करतात, कारण ते मी तपासलेलं असतं. त्या विश्वासाचा मी गैरफायदा घेतला. हे मी जाणून केलं आणि अजून वाईट वाटत नाहीये.

सभेत प्रत्येक खुर्चीवर अंक ठेवला होता. उस्ताद व्यासपीठावर हारात बुडालेले. भाषण सुरू झालं आणि खाली पानं उलटायला लागली. बोलता बोलता त्यांना ते ऐकू आलं असावं, कारण ते थांबले. पहिले उठले दंतवैद्य. अठरा नोव्हेंबरला आपण कुठे होता, असं त्यांनी विचारलं. उस्ताद हसले. म्हणाले की सिनेमात असं चालतंच, प्रेक्षकांनी मनावर घ्यायचं नसतं. आणि एवढ्यावर थांबायचं सोडून पुढे म्हणाले की तो मनुष्य प्यायलेला होता हे मात्र खरं.

दंतवैद्य फार हळू बोलले, पण सगळ्यांना ऐकू गेलं. म्हणाले, "तुम्ही तिथे नव्हता. मग तुम्हाला कसं कळलं?"

उस्तादांनी गळ्यातले हार काढून टेबलावर ठेवले. माझ्या डोळ्यांदेखत ते म्हातारे झाले. मतदानात आठव्याच्या बाजूने चारशेंपैकी एकवीसच हात वर आले. अध्यक्षांचा एक होता. नंतर म्हणाले की दया आली.

जाताना उस्ताद माझ्या खुर्चीशी थांबले. या वयात माझ्याकडून हे हिसकावून बाई तुम्हाला काय मिळालं, असं त्यांनी विचारलं. मी सांगितलं की माझ्या भावाशी बोलायला मला आता लाज वाटणार नाही, ते मिळालं. मी त्यांना वाट दिली नाही. त्यांना वळसा घालून जावं लागलं.

मालकांनी सोमवारपासून येऊ नका म्हणून सांगितलंय. बरोबरच केलं त्यांनी. मी असते तर हेच केलं असतं.

भेटायला ये.
तुझी ताई


२ एप्रिल

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

तुझं पत्र आणि अंक लिफ्टच्या खड्ड्यात उभं राहून वाचले. वकीलबाई वरून ओरडत होत्या की लिफ्ट कधी चालू होणार. मी त्यांना तासभर जिन्याने चढवलं.

असं झाल्यावर मन रिकामं होतं म्हणतात. माझं झालं नाही. मला आनंद झाला, पोटभर झाला आणि अजून पुरतोय. तू सोबत पाठवलेल्या डॉक्टरांच्या कागदाची घडी मी मोडत नाही, तशीच बघतो. त्या पाकिटाचं मात्र वाईट वाटलं. बाबांवर रागावू की नको ते कळत नाही, म्हणून तूर्त दोन्ही करतो.

मंगळवारी मी तुझ्याकडे येतोय. रजा आठ दिवसांची आहे. तुझ्यासाठी काम बघायचंय आणि दंतवैद्यांना भेटायचंय. त्यांनी पत्र लिहून माझी माफी मागितली, शिट्ट्या वाजवल्याबद्दल. मी त्यांना लगेच उत्तर टाकलं की तुम्हाला माफ आहे.

गेल्या आठवड्यात उस्तादांचंही पत्र आलं. जाड पाकीट आहे, अक्षर त्यांच्याच हातचं, पत्ता दोनदा खोडून लिहिलाय. आत काय असेल याचा अंदाज आहे. मी ते फोडलं नाही आणि परतही पाठवलं नाही. कचेरीच्या भिंतीला टाचणीने लावून ठेवलंय, येताजाता दिसेल असं. रोज दुपारी व्यवस्थापकाचा फोन येतो, साहेब विचारतायत, उत्तर कधी पाठवताय. मी सांगतो, वाट बघायला सांगा.

तुझा भाऊ