रशियन सोनाटाची पहिली पाच पानं

३ मे, व्हिएन्ना
ठरलं. संगीत विद्यालयाच्या प्रवेशपरीक्षेला पियानोवर रशियन सोनाटा. झाइडलरबाई म्हणाल्या, लोरेन्झ, हायडन घे, तुझ्या हाताला शोभतो. शोभायला ते काय घड्याळ आहे? बाईंच्या वर्गात जागा एकच. ती हुकली तर गावी स्टायरला परत, बाबांच्या खाटकाच्या दुकानात सॉसेज भरायला. अशा वेळी कुणी हायडनची सोपी रचना वाजवतं का?

११ मे
सोनाटा भलताच लांब निघाला. पण घाबरायचं कारण नाही. परीक्षेत शेवटपर्यंत कुणालाच वाजवू देत नाहीत. थोडं ऐकलं की अध्यक्ष घंटी वाजवतात, 'डांके', धन्यवाद, म्हणतात, पुढचा उमेदवार आत. म्हणजे पहिली पाच पानं चोख बसली की काम फत्ते. उरलेली पाठ करणं निव्वळ वेळेची नासाडी. इतक्या वर्षांत हे कुणालाच कसं सुचलं नाही?

१९ मे
दुपारच्या विश्रांतीच्या वेळेतही सराव. खालच्या मजल्यावरच्या पोस्पिशिलआजींनी झाडूच्या दांड्याने छत ठोकलं. ठेका चुकला त्यांचा.

२७ मे
जिन्यात आजी. मी माफी मागणार, तर त्याच म्हणाल्या, "छान वाजवतोस रे. पण पुढे काय होतं? ऐन रंगात येतं आणि तू परत पहिल्यापासून. माझं सूप उतू जातं वाट बघण्यात."
पुढे विशेष काही नाही, असं सांगितलं.

४ जून
बाईंना शेवट ऐकायचा होता. म्हटलं, परीक्षेसाठी राखून ठेवलाय, ताजा राहावा म्हणून. त्यांनी चष्मा पुसला. हायडन अजून बदलून मिळेल म्हणाल्या. हायडन मला अख्खा येतो. त्यात कसलं आव्हान?

९ जून
सहावं पान उघडून पाहिलं. मुंग्यांचं वारूळ. मिटलं. उद्यापासून रोज एक पान, नक्की.

१० जून
कोटाला इस्त्री करण्यात दिवस गेला.

१२ जून, सकाळ
आज परीक्षा. हात बर्फ झालेत, गरम पाण्यात बुडवून बसलो होतो. तिसऱ्या पानाला घंटी होईलच. व्हायलाच हवी.

संध्याकाळ
जन्मात इतकं चांगलं वाजवलं नव्हतं, हे नोंदवून ठेवतो. तिसरं पान आलं, घंटी नाही. चौथ्याला तिरक्या नजरेने पाहिलं. अध्यक्ष डोळे मिटून ऐकत होते. घंटी त्यांच्या हातापासून लांब. मी लय संथ केली, आणखी संथ केली. तरी पाचवं पान संपलंच. हात थांबले.
अध्यक्षांनी डोळे उघडले. "थांबू नका," ते हळूच म्हणाले. "आम्हाला पूर्ण ऐकायचंय."
मी पुन्हा पहिल्या पानापासून सुरू केलं.
मग मात्र घंटी वाजली.

१३ जून
जागा हायडन वाजवणाऱ्या एका मुलीला मिळाली. चूक उघडउघड परीक्षकांची. रीत मोडायची तर आधी सांगायला नको? बाबांचा फोन आला. रागावले नाहीत. एप्रन धुऊन ठेवलाय म्हणाले. फोन ठेवल्यावर रडलो.

१५ जून
सामान बांधत होतो. आजी सफरचंदाचं गोड श्ट्रूडल घेऊन वर आल्या आणि पियानोजवळ खुर्ची ओढून बसल्या. म्हणाल्या, जाण्याआधी एकदा ते शेवटपर्यंत ऐकव.
पाच पानं वाजवली आणि न थांबता पुढे हायडन जोडून दिला. अख्खा वाजवला, एकही चूक नाही.
आजींनी डोळे टिपले. "इतकं छान येतं की तुला," त्या म्हणाल्या. "मग रोज अडत का होतास?"
गाडीची वेळ झालीय, असं सांगितलं.