जोराचं पेट्रोल

६ ऑक्टोबर १९७३

जोराचं पेट्रोल घातलं की गाडीत जोर येतो का?

दादाने जेवताना विचारलं. सगळे माझ्याकडे बघायला लागले — आबा, आई, रतनवहिनीसुद्धा. घरातली पहिली पदवी माझी, तीही बी.एस्सी.ची. मला उत्तर आलं नाही. ऑक्टेन हा शब्द पुस्तकात होता, खाली दोन ओळींची व्याख्या होती, ती परीक्षेत लिहिली आणि विसरले. ‘येत नाही’ असं सरळ सांगून टाकलं.

आबा भाकरी मोडता मोडता म्हणाले, "मग इतकी वर्सं तितं काय शिकवलं तुला?"

रागाने नाही म्हणाले. रागाने म्हणाले असते तर बरं वाटलं असतं.

पंपावर दोन तऱ्हेचं पेट्रोल असतं. एक साधं, एक महागाचं. महागाच्याला इकडे सगळे ‘जोराचं’ म्हणतात. दादाची जीप आजवर साध्यावरच चालत आली. लष्कराने मोडीत काढलेली गाडी, तिला काय चोचले! पण आता दादाच्या डोक्यात काहीतरी शिरलंय.

९ ऑक्टोबर

काय शिरलंय ते कळलं. इंजिनाचं वरचं झाकण — हेड — दादाने पुण्याला नेऊन तासून आणलं. कापूरहोळच्या गॅरेजवाल्या जलालभाईंनीच त्याला हे सुचवलं. हेड तासलं की आतली जागा कमी होते, हवा आणि पेट्रोल जास्त दाबलं जातं, धक्का मोठा बसतो. इथवर मलाही पटतं.

कशासाठी, ते कुणी बोलत नाही. मी इथे लिहिते. दोन वर्षांपूर्वी वहिनीला कळा सुरू झाल्या तेव्हा विंझरमध्ये गाडी नव्हती. बैलगाडीने निघालो. नसरापूर यायच्या आधीच मूल झालं आणि गेलं. त्यानंतर दादाने जीप घेतली. आता वहिनीला पुन्हा दिवस गेलेत, डिसेंबर लागताच होईल असं भोरच्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या. दादाला कुठल्याही परिस्थितीत तासाभरात भोर गाठायचंय. एवढीच गोष्ट आहे.

१४ ऑक्टोबर

रविवार. विहारात वंदना झाल्यावर दादा म्हणाला, चल, तुला दाखवतो.

जलालभाईंची तपासणी बघण्यासारखी असते. यंत्र-बिंत्र काही नाही. जीपमध्ये भाताची पोती भरायची, वर चार माणसं बसवायची आणि विंझरच्या पुढचा चढ तिसऱ्या गिअरमध्ये चढायचा. कुणी बोलायचं नाही. जलालभाई बॉनेटकडे कान करून, डोळे मिटून बसतात.

साध्या पेट्रोलवर अर्ध्या चढात सुरू झालं — तड् तड् तड्. कढईत फुटाणे उडावेत तसं. याला इंजिन ‘फुटाणे फोडतं’ असंच म्हणतात. मागे पोत्यावर बसलेली शेजारची ठकुबाई म्हणाली, "सोपान, गाडीला भूक लागली की रं." जलालभाईसुद्धा हसले.

मग टाकी रिकामी करून जोराचं भरलं. तोच चढ, तीच पोती. आवाज नाही! गाडी सरसर वर. दादाने माझ्याकडे असं पाहिलं की बस. "बघ! हाय का न्हाई जोर?"

डोळ्यांनी पाहिलं ते नाकारता येत नाही. पण मनात काहीतरी टोचतंय.

२२ ऑक्टोबर

मी शिकवते त्या शाळेला सुट्टी लागली. पदवीचा कागद आणायला पुण्याला गेले. कॉलेजात रसायनाचे जुने सर भेटले. घरी जेवताना निघालेला प्रश्न त्यांना विचारला. वाटलं होतं हसतील. हसले नाहीत. म्हणाले, "पेट्रोलमध्ये जोर नसतो, इंजिनात असतो. ऑक्टेन म्हणजे धीर. कितीही दाबलं तरी ठिणगी पडेपर्यंत आपणहून न पेटण्याचा गुण. साध्या पेट्रोलला तेवढा धीर नसतो, ते वेळेआधी पेटतं आणि पिस्टन वर येत असतानाच त्याच्या डोक्यात हातोडा घालतं."

म्हणजे फुटाणे नव्हेत ते. हातोडे आहेत.

येताना एस्टीत उभी होते. पाय दुखत होते आणि तरी बरं वाटत होतं. एका प्रश्नाचं उत्तर मिळालं.

२३ ऑक्टोबर

घरी सांगितलं. दादाने शेवटपर्यंत ऐकून घेतलं. मग म्हणाला, "म्हंजे जोराचंच घालायचं ना? मी तेच म्हणतोय."

एका परीने बरोबर आहे त्याचं.

६ नोव्हेंबर

पेट्रोलचे भाव असे वाढलेत की चावडीवर दुसरा विषय नाही. त्यात भोरच्या पंपावर जोराचं येतच नाही. साधं घ्या नाहीतर चालते व्हा.

१० नोव्हेंबर

जलालभाईंनी टायमिंग मागे घेतलं, म्हणजे ठिणगी थोडी उशिरा पडेल असं केलं. फुटाणे थांबले, पण गाडी म्हशीसारखी चढते. दादाने मार्गासनीच्या पुढे गाडी थांबवली, उतरला आणि स्वतःच्या हाताने टायमिंग पुन्हा पुढे केलं.

मी शेजारी बसले होते. शाळेपर्यंत तो तडतडाट ऐकला. बोलून बोलून कंटाळले आहे.

१५ नोव्हेंबर

भाताची झोडणी चाललीय. शाळा, मग खळं, मग चूल. हात भुशाने खाजतायत. वहिनीला वाकता येत नाही, तरी ऐकत नाही.

१८ नोव्हेंबर

दादाबरोबर कापूरहोळला गेले. जलालभाईंनी प्लग काढून माझ्या तळहातावर ठेवला. टोक पांढरं पडलेलं आणि त्यावर राईहून बारीक, चांदीसारखे चमकणारे ठिपके. मला वाटलं कचरा असेल. जलालभाई म्हणाले, "ताई, ह्यो पिस्टन हाय. इतळाया लागलाय."

म्हणजे पिस्टन आतल्या आत वितळत होता. ते दादाला म्हणाले, हेड पुन्हा उघडू, खाली एकावर एक दोन पॅकिंग बसवू. आतली जागा होती तेवढी होईल, मग साधं पेट्रोल चालेल. दोन दिवस गाडी उभी राहील.

दादा म्हणाला, "आन् त्याच दोन दिसांत रतनला कळा आल्या तर?"

"आन् वाटंत पिस्टन गेला तर?"

दोघांचंही खरं होतं. हेच तर वाईट. कुणी चुकत असतं तर भांडता आलं असतं.

शेवटी दादा म्हणाला, बाळंतपण होऊ दे, मग काय ते बघू. तोवर चालेल.

जलालभाईंच्या बायको, बानोभाभी, भोरच्या घरून डबा घेऊन आल्या होत्या. निघताना मला म्हणाल्या, रतनला तपासायला भोरला आणाल तेव्हा आमच्याकडे टेकवा, दवाखाना दारातून दिसतो. हो म्हटलं. डोकं प्लगमध्ये होतं.

२१ नोव्हेंबर

फुटाणे. जाताना, येताना.

२३ नोव्हेंबर

आज शाळेत मुलींना ज्वलन शिकवलं. एकीने विचारलं, बाई, सगळ्यात भारी जळण कुठलं? फळ्याकडे तोंड करून उभी राहिले बराच वेळ. मुलींना वाटलं, बाई रागावल्या.

दादाने ठरवलंय — सोमवारी जीप जलालभाईंकडे ठेवून एस्टीने पुण्याला जायचं, कुणाकुणाला भेटून डब्यांतून जोराचं पेट्रोल आणायचं. डबे बसमध्ये घेणार नाहीत, ट्रकवाला गाठावा लागेल. म्हणजे दिवस जाणार. मी म्हटलं, आणशील, पण पिस्टन आधीच खाल्ला गेलाय त्याचं काय? "तुझं शिकलेलं तुझ्यापाशी ठेव," म्हणाला. लगेच त्यालाच कसंतरी झालं. ताटातली कांद्याची फोड माझ्या ताटात ठेवली.

२५ नोव्हेंबर

दुपारी वहिनी आणि मी भात पाखडत होतो. म्हटलं, वहिनी, घाबरू नका, दादा करेल गाडीचं काहीतरी.

ती सूप खाली ठेवून म्हणाली, "वन्सं, मला गाडीचं भ्या न्हाई. वाटंचं हाय."

दीड महिना आम्ही सगळे — दादा, जलालभाई, मी, पुण्याचे सर — ती वाट लवकर कशी संपेल याचाच हिशोब करत होतो. साधं की जोराचं, टायमिंग पुढे की मागे. कळा सुरू झाल्यावर तिने त्या वाटेवर असायलाच हवं का, हे एकानेही विचारलं नाही. तिलाही नाही.

वहिनीला आधीच भोरला बानोभाभींकडे नेऊन ठेवलं तर, असं आबांना हळूच विचारून पाहिलं. म्हणाले, घरची गाडी दारात असताना सून आधीपासून परक्याच्या दारात? सोपानला काय वाटेल? लोक काय म्हणतील?

आई चुलीपुढे होती. तिने वर पाहिलं नाही. पण संध्याकाळी वहिनीचं लुगडं आणि जुन्या धोतराची फडकी घडी करून ठेवलेली दिसली.

२६ नोव्हेंबर, भोर

दादा पहाटेच जीप घेऊन कापूरहोळला गेला, तिथून पुण्याला. त्यानंतरच्या पहिल्या एस्टीने आम्ही तिघी निघालो — वहिनी, आई, मी. गाडी रिकामी होती, रमतगमत आली. वहिनी खिडकीशी बसून वाटेकडे बघत होती. नसरापूरला आईने तिचा हात धरला. कापूरहोळला बदललं, मग भोर.

बानोभाभींनी आतली खोली दिलीय. दवाखाना खरंच दारातून दिसतो. चालत जाता येईल. वहिनी झोपलीय.

कापूरहोळला बदलताना जलालभाईंना सांगून आले — हेड उघडा, दोन पॅकिंग घाला. दादा डबे घेऊन उतरला की सांगा, बहिणीने सांगितलं. आता कुणालाच घाई नाही.